मुलांना रान दाखविणारे बोट



मुलांना रविवारी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात नेऊ या, असे आम्ही सुचविले, तेव्हा आपल्या वसाहतीतील एक आजी म्हणाल्या, "सरपणाचे, गवताचे भारे वाहून आमची मान मोडली. त्यातून सुटावं म्हणून पोरं शिकवली. आता पुन्हा रानात कशाला?" आम्ही निरुत्तर झालो.

उत्तर एका जुन्या प्रसंगात सापडले. १९०८ साली मुंबईतील एका मुलाने छर्ऱ्याच्या बंदुकीने चिमणी पाडली. तिच्या कंठावर पिवळा ठिपका होता. ती घेऊन तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील सचिव मिलार्डसाहेबांनी त्याला हाकलून न देता पक्ष्यांचे खण उघडून दाखविले. तोच मुलगा पुढे पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली झाला.

म्हणजे मुलाला रानाबरोबर दाखविणारा वडीलधारा हवा. आम्हा कारकुनांना झाडे कुठे ओळखता येतात? शेवटी आजीच आल्या. पळसाची तीन-तीन पाने दाखवून पत्रावळ कशी टाचतात, ते त्यांनी सांगितले. मुले वहीत लिहून घेत होती. आजींचे डोळे भरून आले.

उद्यानात बिबटे आहेत. म्हणून ठरलेल्या वाटेनेच जायचे, मुलांना एकटे सोडायचे नाही आणि सायंकाळपूर्वी परतायचे. ज्या आजी-आजोबांना रान ठाऊक आहे, त्यांनी पुढे यावे, ही नम्र विनंती करून आम्ही आमचे दोन शब्द संपवितो.