हजेरी क्रमांक एकशे सहा

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘तुझ्या क्षेत्राबद्दल पंधरा मिनिटं बोल’ असं सांगितलं होतं. माझं क्षेत्र सॉफ्टवेअर. समोर बसलेल्यांपैकी निम्मी मंडळी त्याच क्षेत्रात आहेत आणि उरलेल्या निम्म्यांना त्यात काडीचा रस नाही. म्हणून मी विषय बदलून घेतला. आज मी एका जनुकाबद्दल बोलणार आहे. मी डॉक्टर नाही, जीवशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. आपल्या बॅचचे डॉक्टर पहिल्या रांगेत बसले आहेत, त्यांना काही खटकलं तर त्यांनी हात वर करावा. शाळेत कधी केला नाही, आता तरी करा!

जून २००० मध्ये मानवी जनुकसंचाचा कच्चा मसुदा तयार झाल्याची घोषणा झाली. तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात पाऊल टाकत होते. माणसाच्या शरीराचं पुस्तक वाचून झालं, असं सगळीकडे छापून आलं होतं. सुमारे तीनशे कोटी अक्षरांचं पुस्तक. पण अक्षरं लावता येणं वेगळं आणि अर्थ लागणं वेगळं, हे आपल्या संस्कृतच्या तासाला बसलेल्या कुणालाही सांगायला नको.

या पुस्तकात प्रथिनं कशी बनवायची ते सांगणारी सुमारे वीस हजार जनुकं आहेत. त्यातल्या काहींचं भाग्य थोर. कर्करोगाशी संबंधित ‘टीपी५३’ या एकाच जनुकावर हजारो शोधनिबंध आहेत. २०१८ साली काही संशोधकांनी हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की संशोधनाचा मोठा भाग जेमतेम दोन हजार जनुकांभोवतीच फिरतो आहे. बाकीची जनुकं निरुपयोगी आहेत म्हणून मागे राहिली, असं नाही. ज्यावर आधी काम झालंय त्यावर पुढचं काम करणं सोपं जातं. साधनं तयार असतात, अनुदान मिळतं, पीएच.डी. वेळेत पूर्ण होते. हुशार म्हणून ठरलेल्या पाच-सहा मुलांनाच प्रश्न विचारले जातात आणि मागच्या बाकावरचा वर्षभर ‘हजर’ एवढाच शब्द बोलतो, तसंच हे.

अशा न विचारलेल्या जनुकांना नावंही नसतात. माझ्या जनुकाचं नाव होतं ‘सी-१-ओआरएफ-१०६’. म्हणजे काय, तर पहिल्या गुणसूत्रावरचा, प्रथिनाची कृती असावी असा दिसणारा मजकूर, क्रमांक एकशे सहा. हे नाव नव्हेच, हा हजेरीपटावरचा क्रमांक. आम्ही प्रोग्रॅमर लोक कोडमध्ये ‘टेम्प १’, ‘टेम्प २’ अशी नावं देऊन ठेवतो, आणि दहा वर्षांनी तो ‘टेम्प २’ काय करतो हे कुणालाच ठाऊक नसतं, पण तो काढायची हिंमतही कुणाची होत नाही. त्यातलाच प्रकार.

आता मला याची गरज का पडली ते सांगते. माझा धाकटा भाऊ आपल्याच शाळेत तीन वर्षं मागे होता. क्रिकेट खेळणाऱ्यांना आठवत असेल. तिशीत, २०१४ साली, त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस झाल्याचं निदान झालं. यात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला दाह होतो, जखमा होतात, रक्त जातं. हा आजार औषधांनी आटोक्यात ठेवता येतो, पण वर्षानुवर्षं सोबत राहतो. हे सगळं इथे सांगायला त्याची परवानगी आहे. उलट, ‘सांगच’ असं तो म्हणाला, कारण हा आजार लोक लाजेपोटी लपवतात.

घरात आजार आला की पाठोपाठ कारणं येतात. कुणी म्हणालं बाहेरचं खाणं, कुणी म्हणालं जागरणं, कुणी म्हणालं नोकरीचा ताण. आणि आई? आईने सगळ्यांत जवळचं कारण शोधलं. ‘मीच लहानपणी याला तिखट, मसाल्याचं फार खायला घातलं. डब्यात रोज लसणाची चटणी द्यायचे.’ हे ती एकदा नाही, कितीतरी वेळा म्हणाली. नंतर म्हणायची थांबली, पण स्वयंपाक करताना चटणीचा डबा उघडायची नाही. डॉक्टरांनी तिला समजावलं, की ठरावीक पदार्थांनी त्रास वाढू शकतो, पण हा आजार चटणीने होत नाही. तिने मान डोलावली. पटलं मात्र नाही. ‘मग कशाने झाला?’ या तिच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

मी इंजिनिअर. लॉग वाचायची सवय. मी वाचायला बसले.

कळलं ते असं. आतड्याच्या या आजारांचा संबंध जनुकसंचातल्या दोनशेहून अधिक जागांशी आहे. हजारो रुग्ण आणि हजारो निरोगी माणसं यांच्या डीएनएची तुलना करून या जागा शोधल्या गेल्या. पण अशा शोधात गल्ली सापडते, घर सापडतंच असं नाही. पहिल्या गुणसूत्रावरच्या अशाच एका गल्लीत आपला एकशे सहा क्रमांक राहत होता. २०११ साली त्या गल्ल्या अक्षर न् अक्षर वाचून काढल्या गेल्या, आणि या जनुकात एका अक्षराचा फरक सापडला. ‘ए’च्या जागी ‘टी’. त्यामुळे प्रथिनात ३३३व्या स्थानी टायरोसीनऐवजी फेनिलअलानीन येतं. या दोन अमिनो आम्लांत फरक एवढाच, की एकावर ऑक्सिजन आणि हायड्रोजनची एक जोडी जास्त आहे. हा फरक असलेल्यांमध्ये आजाराचा धोका थोडा अधिक होता. पण हे जनुक मुळात करतं काय? ते कुणी विचारलंच नव्हतं.

इथे आपल्या विज्ञानाच्या बाईंची आठवण काढायलाच हवी. गालाच्या आतून काडीने खरवडून, मिथिलीन ब्लू टाकून बाईंनी आपल्याला पेशी दाखवल्या होत्या. फरशा बसवल्यासारख्या. ‘अभिस्तर ऊती’ हा शब्द आपण परीक्षेपुरता पाठ केला. त्वचा, गालाचं अस्तर, फुप्फुसं, आतडी, जिथे जिथे शरीराला ‘आत’ आणि ‘बाहेर’ वेगळं ठेवायचं आहे, तिथे ही ऊती असते. आतड्यात तर हा पेशींचा एकच थर आहे. एका बाजूला अन्न आणि अब्जावधी जिवाणू, दुसऱ्या बाजूला आपलं रक्त. मध्ये एका पेशीच्या जाडीची भिंत, आणि तीही दर चार-पाच दिवसांनी जवळजवळ नवी होणारी.

आपल्या शाळेच्या जुन्या इमारतीची दगडी भिंत आठवा. दगड कितीही चांगले असले तरी त्यांच्यामधल्या दर्जा नीट भरलेल्या नसतील, तर पावसाळ्यात पाणी आत येणारच. पेशींच्या भिंतीतही असे सांधे असतात. ई-कॅडहेरीन नावाचं प्रथिन शेजारच्या दोन पेशींना धरून ठेवतं. पण ही भिंत जिवंत आहे. जुनी पेशी जाणार, नवी येणार, म्हणून सांधे सोडवण्याची सोयही हवी. पेशीत सायटोहेसीन-१ नावाचं प्रथिन आहे, ते एका साखळीने हे सांधे सैल करतं. दर्जा खरवडणारा गडी म्हणा.

२०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या रामनिक झेवियर यांच्या गटाचा शोधनिबंध आला. त्यात कळलं, की एकशे सहा क्रमांक हा त्या गड्यावरचा मुकादम आहे. सायटोहेसीन जास्त झालं की त्याची विल्हेवाट लावायला तो मदत करतो, म्हणून सांधे टिकतात. हे कसं तपासलं? आम्ही कोडची एक ओळ बंद करून काय बिघडतं ते बघतो, तसं त्यांनी हे जनुक नसलेले उंदीर तयार केले. त्यांच्या आतड्याची भिंत कमकुवत निघाली आणि आतड्यात संसर्ग करणाऱ्या जिवाणूंपुढे ते अधिक दुबळे ठरले. आणि ते एक अक्षर बदललं की मुकादम स्वतःच पेशीत लवकर मोडीत निघतो. मुकादम गैरहजर, गडी मोकाट, दर्जा सैल!

त्याच्या आदल्याच वर्षी येल विद्यापीठातल्या एका गटाला हेच जनुक रोगप्रतिकारक पेशींत जिवाणूंची चाहूल लागल्यावर इशारा मोठा करताना दिसलं होतं. म्हणजे एकच जनुक भिंतीवरही आणि पहाऱ्यावरही. आता त्याला नाव आहे, ‘इनाव्हा’. उपजत प्रतिकारशक्ती जागी करणारा, अशा अर्थाचं. गंमत बघा, नाव पहाऱ्याच्या कामावरून पडलं. भिंतीचं काम नावात आलंच नाही. त्वचेत, फुप्फुसांत, इतर अस्तरांत अशी किती जनुकं नुसत्या क्रमांकावर बसून असतील!

आता महत्त्वाचं. माझ्या भावात ते बदललेलं अक्षर आहे का? आम्ही तपासलेलं नाही, आणि तपासून त्याच्या उपचारात फरक पडणार नव्हता. दोनशेंमधली ही एक जागा. तीही धोका थोडासाच वाढवते. ते अक्षर असलेली बहुतेक माणसं ठणठणीत असतात. या शोधातून औषधाची गोळी अजून तयार झालेली नाही. मी कुणाला खोटी आशा दाखवायला इथे उभी नाही.

पण एका रविवारी मी आईला कागदावर दगडी भिंत काढून दाखवली. दगड, दर्जा, गडी, मुकादम. म्हटलं, ‘आई, हे एक उदाहरण. अशा कितीतरी बारीक गोष्टी माणूस जन्माला येतानाच सोबत घेऊन येतो. त्यात बाहेरचं काही निमित्त मिळतं, आणि बिघडतं. यात चटणी कुठे बसते, तूच दाखव.’ आईने तो कागद बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, ‘म्हणजे बांधकामातच फट होती म्हण.’ आणि थोड्या वेळाने, ‘मग ती काय कुणी मुद्दाम ठेवली नाही.’ भावाला चटणी आजही जपूनच खावी लागते. आमच्या ताटात मात्र ती परत आली.

मला यातून एवढंच उमगलं, की अज्ञानाची जागा रिकामी राहत नाही. तिथे दोष येऊन बसतो. बहुतेक वेळा आईच्या माथी, नाहीतर सुनेच्या, नाहीतर रुग्णाच्या स्वतःच्या. म्हणून ज्याचा उद्या लगेच उपयोग दिसत नाही, अशा जनुकावर कुणीतरी पाच-सात वर्षं घालवतं, ते वाया नाही. औषध मिळेल तेव्हा मिळेल. त्याआधी एखाद्या आईच्या डोक्यावरचं ओझं उतरतं.

जाता जाता दोन विनंत्या. आपण सगळे पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. शौचातून रक्त गेलं तर ‘मूळव्याध असेल’ म्हणून घरच्या घरी निकाल लावू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि आपल्यातले जे आज शिक्षक आहेत, त्यांना सांगणं, की मुलांना पुस्तकात काय आहे ते शिकवताच, पण अजून काय कुणाला माहीत नाही तेही वर्गात एकदा सांगा. वीस हजारांच्या हजेरीपटावर अजून पुष्कळ जण नुसतेच ‘हजर’ म्हणत बसले आहेत.

बाईंना आणि सगळ्या गुरुजनांना नमस्कार. जेवण थंड होतंय, म्हणून थांबते.