नोंद तशीच राहू द्या



आज मी कमांड लाइनवरच्या अगदी छोट्या अवजारांविषयी बोलणार आहे. इंग्रजी मजकुरातली कॅपिटल अक्षरे स्मॉल आणि स्मॉल अक्षरे कॅपिटल करणे एवढेच त्यांचे काम. संगणक परिचालक, ग्रंथपाल, टंकलेखन शिकवणारे गुरुजन अशा आपल्यापैकी बहुतेकांना ती रोज लागतात. मराठी मजकुराशी गाठ पडली की त्यांचा हात कुठे थांबवायचा, हे मात्र कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत. म्हणून हा विषय निवडला.

गरज कुठे पडते ते तुम्हाला सांगायला नको. बँकेकडून आलेली लाभार्थ्यांची यादी पूर्ण कॅपिटलमध्ये असते. आधारवर नावाचे पहिले अक्षर तेवढे कॅपिटल. अर्ज भरणाऱ्या पोराने सगळेच स्मॉलमध्ये टाइप केलेले. शेतकरी एकच, पण संगणकाला तो तीन वेगळी माणसे वाटतो. कॅपिटल ए त्याच्या लेखी ६५ हा आकडा आहे, स्मॉल ए ९७. बी ६६ आणि ९८. सव्वीसही अक्षरांत हा ३२चा फरक कायम राहतो, आणि द्विमान पद्धतीत ३२ म्हणजे एकच बिट. तो बिट फिरवला की अक्षराची जात बदलते. १९६३ साली आस्की संकेत पहिल्यांदा ठरला तेव्हा त्यात स्मॉल अक्षरे नव्हतीच; ती १९६७च्या आवृत्तीत आली. युनिक्स जन्मली त्या काळातली टेलिटाइप यंत्रे फक्त कॅपिटल छापायची. कुणी आपले नाव सगळे कॅपिटलमध्ये टाइप केले, तर समोर तसलेच यंत्र असणार असे जुनी युनिक्स गृहीत धरायची आणि पुढचे सगळे त्याच्यासाठी बदलून घ्यायची. यंत्राने माणसाच्या अडचणीशी जुळवून घेतल्याची ही गोष्ट मला फार आवडते.

अवजारे तुम्हाला ठाऊक आहेत. 'टीआर'ला एका बाजूला स्मॉल ए ते झेड आणि दुसऱ्या बाजूला कॅपिटल ए ते झेड दिले की लाख ओळींची फाइल बघता बघता बदलते. 'ऑक'मध्ये 'टूअपर' आणि 'टूलोअर' आहेत. जीएनयू 'सेड'मध्ये उलटी तिरपी रेघ देऊन कॅपिटल यू लिहिला की पुढचे सगळे मोठे होते. २००९च्या 'बॅश' चौथ्या आवृत्तीपासून तर नुसत्या दोन कॅरेट चिन्हांनी काम भागते. नावे बदलायचीच नसतील, फक्त शोधायची असतील, तर 'ग्रेप'ला 'आय' हा पर्याय द्यावा. तो मूळ फाइलला हात लावत नाही. त्या शेवटच्या पर्यायाकडे मी पुन्हा येणार आहे.

या अवजारांची ताकद कळायला एक प्रसंग सांगतो. १९८६ साली जॉन बेंटली यांनी आपल्या सदरासाठी डोनाल्ड नुथ यांना एक काम दिले: मजकुरात सर्वांत जास्त वेळा आलेले शब्द मोजून दाखवा. नुथ यांनी अनेक पानांचा, अतिशय देखणा प्रोग्रॅम लिहिला. त्यावर अभिप्राय लिहिताना बेल लॅबच्या डग मॅकिलरॉय यांनी तेच काम सहा छोट्या कमांड एकापुढे एक जोडून करून दाखवले. पहिली कमांड इंग्रजी अक्षरांखेरीज सगळे काढून शब्द एकेका ओळीवर आणते. दुसरी कॅपिटलचे स्मॉल करते. मग क्रम लावणे, मोजणे, पुन्हा क्रम लावणे आणि वरच्या काही ओळी दाखवणे. जगभर हे उदाहरण शिकवतात, आणि शिकवावेच. पण तीच सहा कमांडची साखळी मराठी मजकुरावर चालवून पाहा. पहिल्याच पायरीला आपले एकूण एक अक्षर 'अक्षर नसलेले' ठरते आणि हाती एक रिकामी ओळ उरते. मॅकिलरॉय यांचा यात दोष नाही. त्यांनी आपल्या लिपीपुरते लिहिले. आपल्या लिपीपुरते लिहिणे हे आपले काम होते आणि आहे.

देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाही. मग मराठीला या अवजारांपासून धोका नाही असे वाटेल. युनिकोडमधल्या मराठीपुरते ते खरेही आहे: 'टूअपर'मधून 'हिंगोली' हा शब्द जसाच्या तसा बाहेर येतो. पण आपल्या कपाटांतला, जुन्या हार्ड डिस्कवरचा मजकूर युनिकोडमध्ये आहे का? ग्रंथालयांच्या याद्या, संस्थांची इतिवृत्ते, स्मरणिका, कितीतरी मजकूर कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फाँटांत बसवलेला आहे. तिथे फाइलीत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरे. मराठी दिसते ती फक्त फाँटामुळे. आणि त्यात स्मॉल व कॅपिटल ही दोन संपूर्ण वेगळी मराठी अक्षरे असतात. कृतिदेवमध्ये स्मॉल डी म्हणजे क, कॅपिटल डी म्हणजे अर्धा क. टंकलेखन यंत्रावर शिफ्ट दाबून जे यायचे, तेच इथे कॅपिटल झाले.

आपल्याच जिल्ह्याचे नाव घ्या. कृतिदेवमध्ये 'हिंगोली' लिहिताना फाइलीत एफ, जी, ए, एक्स, के, एस, वाय, एच ही आठ स्मॉल अक्षरे उमटतात. ती कॅपिटल केली की कागदावर अर्धा थ, मग ळ, मग दंड, अर्धा ग, ज्ञ अशी विचित्र माळ उभी राहते. हिंगोली सगळी स्मॉलमध्ये असल्यामुळे ती परत तरी आणता येते. औंढा नागनाथचे तसे नाही. त्यात दोन कॅपिटल अक्षरे आहेत: औच्या मात्रांसाठी एस आणि थसाठी एफ. ती फाइल कुणी स्मॉल केली की औंढ्याचा ओंढा होतो आणि नागनाथातला थ नाहीसा होतो. मूळ प्रत नसेल तर कुठला एस आधी कॅपिटल होता हे सांगणारे फाइलीत काहीही शिल्लक राहत नाही. यंत्र चूक दाखवत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काम बरोबर झालेले असते.

रोमन लिप्यंतराचीही हीच कथा. आयट्रान्स पद्धतीत स्मॉल एल म्हणजे ल, कॅपिटल एल म्हणजे ळ. अशा फाइलीवर 'टूलोअर' चालवले की आपल्या वसमतची हळद 'हलद' होते. ज्या जिल्ह्याचे बाजार हळदीवर चालतात, तिथल्या माणसाला तरी हे सहन होऊ नये.

आता युनिकोडकडे वळू, कारण तिथे धोका वेगळ्या वाटेने येतो. समजा, नावे जुळवताना पहिली-दुसरी वेलांटी एकच मानायची आहे. सरावाने हात 'टीआर'कडे जातो: पहिली वेलांटी द्या, दुसरी घ्या. लिनक्सवरचा जीएनयू 'टीआर' अक्षर पाहत नाही, बाइट पाहतो. यूटीएफ-८मध्ये आपले प्रत्येक अक्षर तीन बाइटांचे. या दोन वेलांट्यांत पहिला बाइट सारखा, दुसरा आणि तिसरा वेगळा. दुसरा बाइट बदलण्याची आज्ञा मिळताच तो फाइलभर बदलतो, आणि आपल्या झाडून सगळ्या व्यंजनांत तोच बाइट असतो. एक वेलांटी बदलायला जावे आणि कपासून हपर्यंतची सगळी मुळाक्षरे उद्ध्वस्त व्हावीत. हेच काम 'सेड'च्या 'वाय' आज्ञेने, यूटीएफ-८ लोकेल लावून, बिनचूक होते.

आपल्या लिपीतही एकाच अक्षराची दोन रूपे आहेत, फक्त ती डोळ्यांना दिसत नाहीत. 'शेतकऱ्यांची' या शब्दातला अर्धा र एक जण नुक्त्याच्या ऱपासून टाइप करतो, दुसरा साध्या र, हलन्त आणि न दिसणाऱ्या जोडचिन्हाने. पडद्यावर दोन्ही सारखे. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले २००८ साली. त्याआधीचे लोक अ आणि वरचा चंद्र वेगवेगळा टाइप करत, काही आजही करतात. युनिकोडचे प्रमाणीकरण या जोड्या एक करत नाही. म्हणून 'ग्रेप'ने शेतकऱ्यांची यादी शोधली आणि निम्मे शेतकरी सापडले नाहीत, असे घडू शकते. ही रूपे एक करायला चार ओळींची 'सेड' फाइल पुरते, पण ती लिहायला मराठी येणारा माणूस लागतो. तो माणूस या सभागृहात बसला आहे.

माझा आग्रह एकच आहे. अक्षरांची रूपे एक करायची ती जुळवणीपुरती, वेगळ्या स्तंभात किंवा वेगळ्या फाइलीत. माणसाने, गावाने आपले नाव जसे दिले, तसे मूळ नोंदीत राहिले पाहिजे. 'ग्रेप'च्या त्या 'आय' पर्यायाने हेच केले आहे. आणि कुठलीही आज्ञा देण्याआधी 'फाइल' ही कमांड चालवून मजकूर कोणत्या संकेतात आहे ते पाहावे. मराठी दिसणाऱ्या मजकुराला ती 'आस्की' म्हणाली, तर तिथेच थांबावे. आधी तो मजकूर युनिकोडमध्ये आणावा.

ही अवजारे शिकण्याचे आणखी एक कारण आपल्याच जिल्ह्यात आहे: औंढ्याजवळ दुधाळा परिसरात लायगो-इंडियाची, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहत आहे. २०२३च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. अमेरिकेतल्या लायगोच्या नोंदींचे विश्लेषण लिनक्सच्या संगणकांवर, कमांड लाइनवरच चालते. आपली मुले तिथे कामाला जावीत असे वाटत असेल, तर टंकलेखनाच्या वर्गात आठवड्याचा एक तास या काळ्या पडद्याला द्यावा, अशी मी इथल्या संस्थाचालकांना विनंती करतो.

आणि एक काम आपण सगळे मिळून करू. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या तालुक्यांतल्या गावांची एक साधी टेक्स्ट फाइल, यूटीएफ-८मध्ये. पहिल्या स्तंभात देवनागरीतले नाव, पुढे रोमनमध्ये ते जितक्या परींनी लिहिले जाते त्या सगळ्या परी. वसमत कुणी बी-ने लिहितो, कुणी व्ही-ने, कुणी शेवटी एच जोडतो. कॅपिटल-स्मॉल करून हा फरक मिटणार नाही, तो गाव ओळखणाऱ्यालाच मिटवावा लागेल. प्रत्येकाने आपल्या तालुक्याच्या ओळी लिहाव्यात, शेजारच्या तालुक्याने त्या तपासाव्यात. कागद-पेन फिरवले आहेत, दुपारच्या सत्राआधी त्यावर आपापली नावे द्यावीत.