कोटीतीर्थाकाठचे आबालाल

कोल्हापुरात शाहू मिलजवळ कोटीतीर्थ नावाचं तळं आहे. जुन्या कोल्हापूरकरांपाशी त्याचा विषय काढला की हमखास एक गोष्ट ऐकायला मिळते. राजर्षी शाहू महाराज १९२२ साली गेले आणि त्या दुःखात चित्रकार आबालाल रहिमान यांनी आपली वीस हजार चित्रं या तळ्यात सोडून दिली!

आता आकड्याचंच बघा. रोज एक चित्र हातावेगळं केलं, तरी वीस हजारांना चोपन्न-पंचावन्न वर्षं लागतात. झरझर केलेली रेखाटनं त्यात धरली, तर जमेलही कदाचित. पण मला खटकतं ते वेगळंच. बुडालेल्या चित्रांची चर्चा घरोघरी आणि उरलेली चित्रं मात्र फार थोड्यांनी पाहिलेली.

आबालालांच्या घरात कुराणाच्या प्रती हातानं लिहिण्याचं काम चाले. अक्षराला वळण देणारा, समास नक्षीनं सजवणारा हात त्यांना घरातूनच मिळाला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकले, व्हाइसरॉयचं पदकही मिळवलं. एवढं झाल्यावर कुणीही मुंबईतच बस्तान बसवलं असतं. हे कोल्हापूरला परतले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार केलं.

दरबारचं काम त्यांनी केलंच, पण जीव रमला तो कोटीतीर्थाच्या काठी. तिथंच त्यांचं राहणं. रंकाळा, संध्यामठ, पंचगंगेचा घाट ही त्यांची ठरलेली ठिकाणं, आणि त्यांकडे ते पुन्हा पुन्हा जात. कारण जागा तीच असली तरी ऊन तेच नसतं! सकाळचा कोवळा उजेड पाण्यावर पसरतो, दुपारी घाटाच्या पायऱ्या पांढऱ्या पडतात, दिवेलागणीला सगळं एका करड्या रंगात मिसळतं. आबालाल रंगवत होते तो हा उजेड. जलरंगात चुकायला जागा नसते. कागद ओला आहे तोवरच काय ते साधायचं. त्यांच्या निसर्गचित्रांतला ताजेपणा मला त्या घाईतून आलेला वाटतो.

बाबूराव पेंटर आणि पुढच्या कोल्हापुरी चित्रकारांनी ही नजर उचलली. आबालाल स्वतः १९३१ साली गेले.

कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात त्यांची चित्रं आहेत. अंबाबाईच्या दर्शनाला जाल तेव्हा तासभर तिकडंही काढा. आणि तळ्याची गोष्ट कुणी सांगू लागलंच, तर आधी त्याला चित्रांपुढं नेऊन उभं करा.