धुतलेल्या संत्र्यावर वाऱ्याचा झोत
(काटोल येथे संत्रा बागायतदारांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



काटोलकडे ब्लोअर म्हटले की ट्रॅक्टरमागचे फवारणीचे यंत्र डोळ्यांपुढे येते. मला आज बोलायचे आहे ते दुसऱ्या ब्लोअरविषयी, धुतलेले फळ कोरडे करणाऱ्या. सुरुवात मात्र गाडी धुण्यापासून करतो, कारण तो प्रकार आपण सर्वांनी पाहिलेला आहे.

गाडी धुऊन झाली की तिथला मुलगा हवेची नळी घेतो आणि आरशाच्या खाचेत, दाराच्या कडेला, नंबरप्लेटच्या मागे झोत मारतो. पत्रा फडक्याने पुसता येतो, खाचेतले पाणी पुसता येत नाही. शिवाय आपल्याकडे बहुतेक ठिकाणी विहिरीचे व बोअरचे पाणी जड. थेंब जागीच सुकला तर पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतो. काचेवरचे पांढरे ठिपके त्याचेच. झोताने थेंब ढकलून पाडला तर क्षारही त्याच्याबरोबर जातो. म्हणजे ब्लोअर पाणी सुकवतो कमी आणि झटकतो जास्त.

संत्र्यालाही अशी खाच आहे, ती देठाच्या चकतीशी. फळ वरून कोरडे दिसते आणि चकतीखाली पाणी धरून राहते. देठकूज तिथूनच सुरू होते. हिरवी बुरशी, म्हणजे पेनिसिलियम, सालीच्या जखमेतून शिरते. तोडताना नख लागलेले, ढिगात खरचटलेले फळ तिला पुरते. तिच्या बीजाणूला रुजायला ओल हवी, आणि ओले फळ क्रेटमध्ये भरून ती आपणच पुरवतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरच्या आंबिया बहाराच्या मालाचे हेच झाले. फळे धुऊन झाली आणि वीज गेली. गाडी दाराशी उभी, ड्रायव्हरची घाई. मीच म्हणालो, भरा, रस्त्यात वारा लागेल. ताडपत्रीखाली कुठला वारा? चौथ्या दिवशी व्यापाऱ्याचा फोन आला की खालच्या थरातले क्रेट हिरवे पडले आहेत. कापलेल्या रकमेपेक्षा मला याचे वाईट वाटले की वर्गात मी हाच विषय शिकवतो. बांगलादेशाने आयात शुल्क वाढविल्यापासून आपला बराच माल देशातल्याच लांबच्या बाजारांत खपवावा लागतो, आणि प्रवासाचा प्रत्येक जादा दिवस ही ओल वसूल करते.

आता थोडा हिशेब करू. एका फळावर दीड मिलिलिटर पाणी राहिले असे धरा. टनाला साधारण साडेसहा हजार फळे, म्हणजे जवळपास दहा लिटर पाणी. एक लिटर पाण्याची वाफ करायला विजेचे सुमारे पाऊण युनिट लागते, तेही उष्णता वाया न जाता. म्हणजे टनामागे साडेसहा-सात युनिटे निव्वळ वाफेसाठी. त्यातले बहुतेक पाणी आधी स्पंजच्या रुळांनी टिपले आणि साध्या हवेच्या झोताने झटकले, तर वाळवायला उरते ते थोडेसेच. म्हणून पहिला झोत गार हवेचाच असावा. गरम हवा लागते ती मेणाचा थर दिल्यानंतर, आणि तीही पन्नास अंशांच्या आसपास, एक-दोन मिनिटांपुरती. फळ ओले असताना मेण लावले तर ते पातळ होते, कुठे बसते, कुठे बसत नाही, आणि चकाकीऐवजी पांढुरकी झाक येते. मग दोष मेणाला दिला जातो.

झोत रुळांवर फिरणाऱ्या फळांवर वरून, थोडा तिरपा यावा. फळ फिरले नाही तर खालची बाजू आणि देठ ओलेच राहतात. गाडी धुणाऱ्या दुकानातला कॉम्प्रेसर मात्र आणू नका. त्याचा दाब फार असतो आणि नळी जवळ धरली तर सालीतल्या तेलाच्या ग्रंथी फुटतात. शिवाय त्या हवेत तेलाचा अंश आणि टाकीत साचलेले पाणी असते. आपल्याला हवा पुष्कळ हवी, दाब कमी.

ज्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही ती गोष्ट म्हणजे ब्लोअर हवा कुठून ओढतो. निवडून टाकलेल्या सडक्या फळांचा ढीग त्याच्या मागच्या बाजूला असेल, तर त्यावरची हिरवी भुकटी, म्हणजे लाखो बीजाणू, नुकत्याच धुतलेल्या मालावर येऊन बसते. धुण्याची सगळी मेहनत तिथेच संपते. ढीग रोज उचलावा, वाऱ्याच्या खालच्या अंगाला आणि लांब टाकावा. धुण्याचे पाणी गढूळ झाले की तेही बदलावे. मातीने क्लोरीन खर्ची पडते आणि त्या पाण्याने फळे धुतली तर रोगच सगळीकडे पसरतो.

ज्यांच्याजवळ यंत्र नाही त्यांनी सावलीत बाजेवर किंवा तट्ट्यावर फळे एका थरात पसरून पंखा लावावा, मधून फळे हलक्या हाताने फिरवावीत. उन्हात वाळवू नये. साल तापते, फळ मऊ पडते व वजन घटते. आंबियाच्या तोडणीच्या दिवसांत सकाळी हवाच दमट असते, तेव्हा पंखा दुपारी जास्त काम देतो. दव असताना तर तोडणीच करू नये, कारण त्या वेळी साल ताठ असते व जराशा दाबाने तेल सुटून डाग पडतो.

फळ कोरडे झाले की नाही हे मी असे पाहतो: क्रेट भरण्यापूर्वी आठ-दहा फळे देठाकडून कोऱ्या वर्तमानपत्रावर पाच मिनिटे ठेवतो. कागदावर ओले कडे उमटले, तर माल थांबवतो.

सुरुवातीला एका काकांनी विचारले, फवारणीचा ब्लोअर नुसती हवा सोडून वापरला तर? नाही. त्याच्या पंख्यात, नळीत आणि नोझलमध्ये औषधाचा अंश राहतो आणि तो थेट खाण्याच्या फळावर जाईल. हातात धरायचा, पालापाचोळा उडवायचा विजेचा ब्लोअर मिळतो, काही जण त्याने गाडीही वाळवतात. दहा-वीस क्रेटच्या मालाला तो चालेल, पण नवा घ्या, फळांसाठीच वेगळा ठेवा, आणि पेट्रोलवर चालणारा घेऊ नका, त्याचा धूर फळांवर बसतो.