शब्द पोहोचला का?

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत आजी-माजी विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



मराठी माध्यमातून शिकलेला, आणि त्यातही महाराष्ट्राबाहेर वाढलेला विद्यार्थी पहिल्या नोकरीच्या मुलाखतीस निघतो, तेव्हा त्याच्या मनात एकच धास्ती असते: इंग्रजीचे कसे होणार? विषयाची तयारी झालेली असते, प्रमाणपत्रे क्रमाने लावलेली असतात. परंतु तोंड उघडण्यापूर्वीच त्याने हार मानलेली असते. ‘सॉफ्ट स्किल्स’ या नावाने जे वर्ग चालतात, त्यांतील बरेचसे या धास्तीवरच चालतात. हस्तांदोलन कसे करावे, टाय कोणता बांधावा, चार ठरावीक इंग्रजी वाक्ये कोठे पेरावीत, हे तेथे शिकवले जाते. ते अगदीच निरुपयोगी आहे असे नाही. मात्र नोकरी लागल्यानंतर माणसाची पारख होते ती त्याच्या शब्दावर किती विसंबता येते यावरून. सांगितलेले त्याला नीट कळले का, अंगावर घेतलेले काम वेळेत झाले का, आणि होणार नसेल तर त्याने ते आधी कळवले का?

याचा वस्तुपाठ भारतीय रेल्वेत पाहावयास मिळतो. इंजिनात लोको पायलट आणि त्याचा सहायक असे दोघे बसलेले असतात. सिग्नल दृष्टीस पडला की तो कोणता आहे हे एकाने मोठ्याने पुकारावयाचे आणि दुसऱ्याने स्वतः पाहून तेच पुन्हा उच्चारावयाचे, असा दंडक आहे. तीस वर्षे गाडी चालवलेल्या माणसालाही त्यातून सूट नाही. सिग्नल दोघांनाही दिसतो, मग हा पुकारा कशासाठी? डोळ्यांना दिसणे आणि मनाने नोंद घेणे यांत अंतर असते. रात्री अडीच वाजता, पाठ झालेल्या मार्गावर, ते अंतर वाढते. शब्द तोंडावाटे बाहेर पडला की झोपाळलेले मन जागेवर येते, आणि एकाची नजर चुकली तर दुसऱ्याच्या ध्यानात येते.

स्टेशन आणि फाटक यांच्यामधील व्यवहारही असाच आहे. अनेक ठिकाणी फाटक बंद केल्याचे गेटमन टेलिफोनवरून स्टेशन मास्तरला कळवतो, तेव्हा नुसते ‘बंद केले’ म्हणून भागत नाही. त्याच्याजवळच्या छापील तक्त्यातील एक खासगी क्रमांक तो सांगतो. तो क्रमांक दोन्हीकडे लिहून घेतला जातो, आणि एकदा वापरलेला क्रमांक खोडून टाकला जातो. यात गेटमनवर अविश्वास नाही. ऐकणाऱ्याचा गैरसमज होऊ शकतो, एवढेच गृहीत धरलेले आहे. या दोघांच्या मातृभाषा कित्येकदा निराळ्या असतात, उच्चारही निराळे असतात. त्यावाचून काही अडत नाही, कारण काय सांगावयाचे आणि ते पोहोचल्याची खूण कोणती, हे आधीच ठरलेले असते.

मराठी घरांतून वाढलेल्या मुलांची अडचण नेमकी येथे आहे, आणि ती इंग्रजीपेक्षा जुनी आहे. वडीलधाऱ्यांनी सांगितले की मान डोलवावी. पुन्हा विचारले तर ते उलट उत्तर ठरते. घरात ही रीत शोभते. कार्यालयात मात्र साहेबांनी घाईघाईने काही सांगितले, मुलगा ‘हो सर’ म्हणाला, आणि दोन दिवस भलत्याच आकड्यांवर बसून राहिला, असे वरचेवर घडते. त्याऐवजी, “म्हणजे गुरुवारी दुपारपर्यंत तिन्ही शाखांचे आकडे हवेत, मागील वर्षाचे नकोत, असेच ना?” एवढे वाक्य त्याने तेथल्या तेथे उच्चारले असते तर? ते हिंदीत म्हटले काय आणि मोडक्या इंग्रजीत म्हटले काय, कोणताही समंजस वरिष्ठ त्याने रागावत नाही. उलट, या मुलाने ऐकले आहे, अशी त्याची खात्री पटते. (जो रागावतो, त्याच्या हाताखाली तर हे वाक्य लेखी पाठवावे.)

चूक झाल्यावर बोलणे याहून कठीण. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटा येथून उडालेले एसएलव्ही-३ हे यान बंगालच्या उपसागरात कोसळले. प्रकल्पाचे संचालक ए. पी. जे. अब्दुल कलाम होते. पत्रकारांसमोर मात्र इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः गेले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी आपल्याकडे घेतली. १८ जुलै १९८० रोजी तेच यान यशस्वी झाले, तेव्हा धवन यांनी पत्रकार परिषद घेण्यास कलामांना सांगितले. पुढे कलाम हा प्रसंग अनेक भाषणांतून सांगत असत. तो नेहमी नेतृत्वाचा नमुना म्हणून सांगितला जातो, आणि ते खरेच आहे. पण त्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी: ज्या कार्यालयात वरिष्ठ असा वागतो, तेथे कनिष्ठाला आपली चूक लपवावीशी वाटत नाही. बिघाड कोठे झाला हे तेथे लवकर सापडते.

या साऱ्याची तालीम शाळेतच करता येण्याजोगी आहे. त्यासाठी वेगळा वर्ग नको की शुल्क नको. रेल्वेत पाळी बदलताना कार्यभार सोडणारा आणि घेणारा यांची लेखी नोंद होते, कोणते काम अर्धे आहे हे त्यात लिहिलेले असते. शाळेतही वर्गप्रमुख बदलतो, प्रयोगशाळेची जबाबदारी एका तुकडीकडून दुसरीकडे जाते. तेव्हा किल्ली हातावर ठेवून निघून न जाता एका साध्या वहीत चार ओळी लिहाव्यात: दोन तराजूंपैकी एक बिघडला आहे, तीन पुस्तके परत यावयाची आहेत, खिडकीची काच फुटली ती कळवलेली नाही. खाली देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही आणि तारीख.