रॅमचा भाव कुठे ठरतो?



घरचा संगणक रखडायला लागला की दुरुस्तीवाला सांगतो, "रॅम वाढवा." आणि हल्ली त्याने भाव सांगितला की गिऱ्हाईक त्याच्याकडेच संशयाने बघतं. मग डहाणूचा माणूस लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड पालथा घालतो, तलासरीचा माणूस हायवेने वापी गाठतो. थोडाफार फरक पडतो, पण भाव चढलेला तिथेही असतोच. जीएसटी तर राज्याच्या सीमेच्या अलीकडे-पलीकडे सारखाच, १८ टक्के.

आपल्याकडच्या बागायतदाराला हे नव्याने सांगायला नको. चिकूचा भाव बागेत ठरत नाही, दूरच्या बाजारात ठरतो. रॅमचंही तसंच. जगातल्या बहुतेक मेमरी चिप तीनच कंपन्या बनवतात: कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेची मायक्रॉन. रॅमच्या पट्टीवर नाव कुणाचंही असो, आतली चिप बहुधा या तिघांपैकीच एकाची. त्यामुळे एका ठिकाणी काही बिघडलं की झळ सगळीकडे पोहोचते. १९९३ साली जपानमध्ये सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपच्या आवरणासाठी लागणारं रेझिन तिथे तयार होत असे. तेवढ्याने जगभर रॅम महागली. भाव चढण्यामागे दर वेळी अपघातच असतो असंही नाही. आपसात संगनमत करून भाव ठरवल्याबद्दल २००५ साली अमेरिकेत सॅमसंगला ३० कोटी डॉलर दंड झाला होता.

आताची महागाई वेगळ्या कारणाने आली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरना खास प्रकारची वेगवान मेमरी लागते. तेवढ्याच जीबीसाठी ती साध्या रॅमच्या सुमारे तिप्पट सिलिकॉन खाते, आणि पैसाही जास्त देते. कंपन्या तिकडे वळल्या. २०२५ च्या अखेरच्या काही महिन्यांत घरगुती रॅमचे भाव दुपटीच्या वर गेले. डिसेंबरमध्ये तर मायक्रॉनने क्रुशियल हा आपला घरगुती ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. तलासरीवरून जाणारा हायवे पुढे अहमदाबादला पोहोचतो. त्याच अहमदाबादजवळ साणंदला मायक्रॉनच्या प्रकल्पाची पायाभरणी २०२३ मध्ये झाली. पण तो जुळणी आणि चाचणीचा प्रकल्प आहे. मूळ चिप बाहेरूनच यायची, त्यामुळे तो जवळ आहे म्हणून भाव उतरेल अशी आशा मी तरी धरणार नाही.

तेव्हा महागाईत नेमकं लागेल तेवढंच घ्यावं. आधी खरोखर रॅमच कमी पडते आहे का, ते पाहा. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सखाली मेमरी निवडा. रोजचं काम चालू असताना निम्मीच मेमरी वापरात दिसली, तर दोष दुसरीकडे आहे. संगणकात अजून जुनी हार्ड डिस्क असेल, तर त्याच पैशात एसएसडी बसवा, फरक लगेच जाणवेल.

त्याच पानावर वेग आणि किती खाचे भरलेत तेही दिसतं. वेग १६०० असेल तर पट्टी डीडीआर३, २४०० ते ३२०० असेल तर बहुतेक डीडीआर४, ४८०० च्या पुढे डीडीआर५. एका प्रकारची पट्टी दुसऱ्या प्रकारच्या खाच्यात बसत नाही, कारण पट्टीच्या खालची खाच मुद्दामच वेगळ्या जागी कापलेली असते. लॅपटॉपची पट्टी तर आखूड असते, आणि काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डाखलेली असते. तिथे वाढवायचा प्रश्नच उरत नाही.

लेबल वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. एका पट्टीवर पीसी४-३२०० लिहिलेलं असतं, दुसरीवर पीसी४-२५६००. दुसरा आकडा मोठा दिसतो, पण दोन्हींचा वेग एकच. ३२०० ला ८ ने गुणलं की २५६०० येतात. त्या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. किंमत ताडताना रुपयांना जीबीने भागा, आणि पक्कं बिल घ्या, कारण वॉरंटीच्या वेळी तेच विचारलं जातं.

आणि दुकानदाराने काढलेली जुनी पट्टी तिथेच सोडून येऊ नका. डीडीआर४ ची असेल, तर आज तिलाही गिऱ्हाईक आहे.