तोट्यातील उद्योगाची नाडीपरीक्षा
(एका व्याख्यानाचा संक्षेप)



तोट्यात चाललेला उद्योग म्हणजे बुडणारा उद्योग, असा आपला सर्वसाधारण समज आहे. पुष्कळदा तो खराही ठरतो. परंतु अर्धवाहक तंत्रज्ञानाच्या लहान कंपन्यांची पारख केवळ तोट्याच्या आकड्यावरून होत नाही. विहीर खणणाऱ्या शेतकऱ्याचे उदाहरण घ्या. पाणी लागेपर्यंत त्याला खर्चच असतो. म्हणून आपण विचारतो : गाठीला किती पैसा उरला, तो किती खोल जाण्यास पुरेल, आणि पाण्याची चिन्हे आहेत काय? चिपचा आराखडा सिद्ध होण्यासही कित्येक वर्षे लागतात आणि पहिली चिप विकली जाण्यापूर्वीच मोठी रक्कम खर्ची पडते.

या दृष्टीने अमेरिकेतील ट्रान्समेटा या कंपनीचा इतिहास उद्बोधक आहे. १९९५ साली कॅलिफोर्निया राज्यात ती स्थापन झाली. लहान संगणकांसाठी अल्प वीज खाणारी ‘क्रूसो’ ही चिप तिने जानेवारी २००० मध्ये जाहीर केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रत्येकी २१ डॉलर दराने शेअर विकून तिने सुमारे २७ कोटी डॉलर उभे केले. पुढे २००३ साली तिची विक्री सुमारे १ कोटी ७३ लाख डॉलर होती, तर तोटा सुमारे ८ कोटी ७६ लाख! म्हणजे विक्रीच्या प्रत्येक रुपयामागे पाच रुपयांचा तोटा.

अशा कंपनीचा ताळेबंद हाती आला असता चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न रोकडीचा. तोट्यात घसाऱ्यासारख्या रकमा असतात. त्या त्या वर्षी तिजोरीतून जात नाहीत. म्हणून दरमहा प्रत्यक्ष किती पैसा बाहेर जातो ते काढावे. समजा, शिल्लक १२ कोटी आहे आणि महिन्याला १ कोटी जातो, तर ते आयुष्य एक वर्षाचे.

दुसरा प्रश्न परावलंबनाचा. ट्रान्समेटाचा स्वतःचा कारखाना नव्हता. चिपांचे उत्पादन प्रथम आयबीएमकडे व नंतर तैवानमध्ये होई. २००१ मध्ये या स्थित्यंतरात नव्या चिपांचा पुरवठा रखडला. ग्राहकही मुख्यतः मोजक्या जपानी कंपन्या होत्या.

तिसरा प्रश्न भागभांडवलाचा. नवे शेअर विकून तोटा भरला, की कंपनी तगते. परंतु जुन्या भागधारकाचा वाटा आक्रसत जातो.

चौथा प्रश्न असा की, धंदा थांबला तर मागे काय उरेल? येथे उरली ती पेटंटे. २००५ पासून कंपनीने चिपविक्रीऐवजी ज्ञानाच्या परवान्यांवर भर दिला. २००६ मध्ये तिने इंटेलविरुद्ध दावा लावला. २००७ च्या तडजोडीत १५ कोटी डॉलर एकरकमी व पुढे पाच वर्षे दरसाल २ कोटी डॉलर देण्याचे इंटेलने मान्य केले. जानेवारी २००९ मध्ये नोव्हाफोरा या कंपनीने ट्रान्समेटा सुमारे २५ कोटी ५६ लाख डॉलरना विकत घेतली.

म्हणजे ज्ञानाला मोल आले. परंतु मूळ भागधारकाचे काय झाले? २००७ मध्ये वीस शेअरांचा एक शेअर करण्यात आला होता. त्या एका शेअरला अखेर सुमारे १९ डॉलर मिळाले. ज्याने २१ डॉलर मोजले होते, त्याच्या पदरी मूळ शेअरमागे एक डॉलरही पडला नाही. कंपनीचे भवितव्य आणि गुंतवणूकदाराचे हित या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे ध्यानी येते.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र शासनाने अर्धवाहक उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. यापुढे असे उद्योग आपल्याही परिचयाचे होतील. कोणी जमीन मागेल, कोणी शिक्षकांच्या बचतीतून भागभांडवल मागेल. तेव्हा तोटा पाहून दार लावून घेऊ नये आणि नावीन्याला भुलून पेटीही उघडू नये. हे चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे आकड्यांत मागावीत. विश्वस्त म्हणून आपले ते कर्तव्यच आहे.